बसक्या तुऱ्याआडचा उभा तुरा

असील जातीच्या कोंबड्यांच्या पिल्लांत एखादं उभ्या, दातेरी तुऱ्याचं निघालं की आमच्याकडे सगळे एकाच निष्कर्षावर येतात: कोंबडी कुंपण ओलांडून आली. कोंबड्याला कोणी काही विचारत नाही. आमच्या घरीही तेच झालं. खुडूक कोंबडीखालून निघालेल्या पिल्लांत एकाच्या डोक्यावर चोचीपासून मागे जाणारी पातळ उभी पट्टी दिसली. बाकीच्यांच्या डोक्यावर असीलला हवी तशी रुंद, चपटी, बारीक दाण्यांच्या तीन ओळींची खूण होती. मामाजींनी ते पिल्लू हातात घेतलं, उजेडाकडे वळवलं आणि खाली सोडलं. "गावरान घुसला ह्यात," एवढंच म्हणाले, आणि कोंबडीकडे असं पाहिलं की मलाच कसंतरी झालं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. चंद्रपूर जिल्ह्यात मूल गावाच्या बाजूला आमचं घर आहे आणि असील या घरात माझ्या कितीतरी आधीपासून आहेत. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदीत असीलचं मूळ क्षेत्र छत्तीसगड, ओडिशा आणि आंध्र प्रदेश असं लिहिलेलं आहे. पण पक्ष्यांना राज्यांच्या सीमा कुठे कळतात? गडचिरोलीपलीकडे बस्तर, सिरोंच्यापलीकडे तेलंगणा. लग्नकार्याला, बाजाराला माणसं जातात-येतात तसे कोंबडेही इकडचे तिकडे झाले. ज्यांनी असील पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. उंच, ताठ उभा राहणारा, अंगाला घट्ट चिकटलेली आखूड पिसं, लांब जाड मान, खाली झुकलेली छोटी शेपटी. चेहऱ्यावर पिसं जवळजवळ नाहीतच. नर चार-पाच किलोंचा, मादी तीन-चार किलोंची. रंगावरून नावं: सोनेरी तांबूस तो पीला, काळा-लाल तो याकूब, पांढरा नुरी, काळा कागर. वाढ मात्र सावकाश. तलंग पहिलं अंडं द्यायला सहा-सात महिने घेते, थोडी अंडी घालते आणि लगेच खुडूक बसते. अंड्यांचा धंदा करायचा असेल त्याने असीलच्या वाटेला जाऊ नये.

मग पाळतात कशाला? खरं उत्तर लपवण्यात अर्थ नाही. आमच्या भागात अजून चोरून कोंबडबाजार भरतो. पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधून कोंबडे झुंजवतात आणि त्यावर पैसे लागतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने हे सगळं गुन्हा ठरतं. मामाजींच्या तरुणपणी घरातले कोंबडे तिकडे जात. पुढे त्यांनी ते बंद केलं, पण जात सोडली नाही. आता आमच्याकडून कोंबडा जातो तो पाळणाऱ्याकडे, नाहीतर गावरान कोंबड्यांत अंगाने भरलेली पिल्लं हवी असणाऱ्याकडे. मादी कोणालाच विकायची नाही हा घरातला जुना दंडक मात्र जसाच्या तसा आहे. हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. पुरुष गप्पा मारतात त्या कोंबड्याच्या खानदानाच्या, पण तिजोरीत ठेवतात ती कोंबडी.

तुऱ्याचा या सगळ्याशी संबंध आहे. उभा तुरा, म्हणजे आपल्या नेहमीच्या गावरान कोंबड्याचा करवतीसारखा दातेरी तुरा, झुंजीत चोचीत सापडतो, फाटतो, रक्त डोळ्यांत उतरतं. असीलचा तुरा डोक्याला चिकटून असतो, गळ्याखालच्या लाल पाळ्याही नावापुरत्या. पकडायला काही हातीच लागत नाही. पुस्तकात याला वाटाणा तुरा म्हणतात. मामाजी नुसतं 'बसका' म्हणतात आणि त्यातही दोन प्रकार करतात: 'दबका' आणि 'उठलेला'. दबका म्हणजे डोक्याला घट्ट, तिन्ही ओळी ठेंगण्या. उठलेला म्हणजे बसकाच, पण मधली ओळ जरा वर आलेली, कधी मागे थोडी वाकडी झालेली. हा फरक मला सुरुवातीला दिसतही नव्हता. सासऱ्यांचा चोखंदळपणा म्हणून मी सोडून दिला होता.

आता कुंपणाचा संशय. तो खुळचट नव्हता. कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. आज भेट झाली तर पंधरवड्यानंतरच्या अंड्यातही त्या नराचं पिल्लू निघू शकतं. गावात वनराजा, गिरिराजा अशा सुधारित जातींची पिल्लं घरोघरी आलेली आहेत, त्यांचे उभ्या तुऱ्याचे नर मोकाट फिरतात. म्हणून मी ती कोंबडी आणि घरचा याकूब कोंबडा असे दोघंच जाळीच्या खोपीत ठेवले, आधीचं बीज संपेपर्यंत तीन आठवड्यांहून जास्त थांबले आणि त्यानंतरचीच अंडी पेन्सिलीने खूण करून बसवली. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली आणि त्यांत पुन्हा एक उभ्या तुऱ्याचं.

मामाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे कोंबडाच तसा असन."

"दोघंही तसेच आहेत, मामाजी," मी म्हटलं.

ते त्यांना पटलं नाही. दोघांचेही तुरे बसके, मग दोघांत उभा तुरा कुठून आला? हाच तर प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पाठ करून लिहिलं होतं. कोंबड्यांचे तुरे हा परीक्षेतला हमखास प्रश्न. इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवून दिलं की मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम वनस्पतींपुरते नाहीत, प्राण्यांनाही लागू आहेत. त्यांनी वापरलेल्या जातींत इंडियन गेम ही वाटाणा तुऱ्याची जात होती. नाव इंडियन, घडली इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये, आणि तिच्या अंगातलं मोठं रक्त हिंदुस्थानातून गेलेल्या असीलचं. आज ती कॉर्निश म्हणून ओळखली जाते आणि ब्रॉयलर कोंबडीच्या पूर्वजांत तिची गणना होते. परीक्षेला बसताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या अंगणातल्या पक्ष्याचाच आतेभाऊ त्या पुस्तकात आहे हे कळलं असतं तर मी तो धडा जरा जास्त प्रेमाने वाचला असता.

गोष्ट अशी. तुऱ्याच्या आकाराचं जनुक प्रत्येक पक्ष्यात दोन प्रतींत असतं, एक आईकडून, एक बापाकडून. वाटाण्याची एक प्रत आली तरी तुरा बसका होतो. ती प्रभावी आहे. उभा तुरा दिसायला दोन्ही प्रती उभ्याच्याच लागतात. म्हणजे एक प्रत वाटाण्याची आणि एक उभ्याची असलेला पक्षी वरून असीलच दिसतो. असे दोन एकत्र आले की चार पिल्लांमागे सरासरी एक उभ्या तुऱ्याचं. कुंपण ओलांडलं गेलं असेलही, पण ते या कोंबडीने नव्हे. तिच्या आजीने, पणजीने किंवा बाहेरून आणलेल्या एखाद्या नराच्या आईने, आणि तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

खरा धक्का पुढच्या हिशोबात होता. समजा कळपात शंभर पिल्लांमागे चारच उभ्या तुऱ्याची निघतात. वाटतं, क्षुल्लक आहे, काढून टाकू. पण शंभरात चार म्हणजे कळपातल्या एकूण प्रतींपैकी पाचवा हिस्सा उभ्या तुऱ्याचा आहे, आणि त्या प्रती लपवून बसलेले पक्षी शंभरातले बत्तीस. जवळजवळ प्रत्येक तिसरा. दिसेल ते उभ्या तुऱ्याचं पिल्लू काढून टाकत राहिलं तरी चाराचं प्रमाण एकावर यायला पाच पिढ्या लागतात, आणि तेव्हाही शंभरात अठरा पक्षी ती प्रत बाळगून असतात. मामाजी आयुष्यभर हेच करत आले होते. उभा तुरा दिसला की पिल्लू हंडीत. म्हणूनच ते पिल्लू संपतही नव्हतं आणि वाढतही नव्हतं.

हा हिशोब मी त्यांना अंगणात ज्वारीचे आणि तुरीचे दाणे मांडून दाखवला. त्यांनी दोनदा मांडायला लावला. मग विचारलं, "मंग ओळखाचा कसा? वरून तर दिसत नाही."

पिल्लांवरून. दुसरा रस्ता नाही. संशयित कोंबडा उभ्या तुऱ्याच्या कोंबड्यांवर सोडायचा. तो दोन्ही प्रती वाटाण्याच्या बाळगत असेल तर झाडून सगळी पिल्लं बसक्या तुऱ्याची. एक प्रत उभ्याची असेल तर निम्मी उभ्या तुऱ्याची. एक जरी उभं निघालं तरी निकाल लागला. न निघालं तर किती पिल्लांनंतर विश्वास ठेवायचा? प्रत्येक पिल्लागणिक फसण्याची शक्यता निम्मी होत जाते. पाच पिल्लं सगळी बसकी निघाली तर फसण्याची शक्यता बत्तिसात एक, सात निघाली तर एकशे अठ्ठावीसात एक. हीच परीक्षा बसक्या तुऱ्याच्या पण खात्रीने लपवून असलेल्या कोंबडीवर घेतली तर तेवढ्याच खात्रीसाठी सोळा-सतरा पिल्लं लागतात. म्हणून उभ्या तुऱ्याची कोंबडी या कामाला सोन्याची. तिची जात कोणती, रक्त किती सरमिसळ, याने काही बिघडत नाही. डोक्यावरचा उभा तुराच सांगतो की तिच्याकडे वाटाण्याची प्रत नाही.

मी शेजारून वनराजाच्या अंगाने मोठ्या कोंबड्या आणल्या. गावरान चालल्या असत्या, पण साडेचार किलोंचा असील नर सव्वा किलोच्या गावरान कोंबडीवर सोडणं मला बरं वाटेना. पाठ सोलून निघते. वनराजाची लवकर खुडूक बसत नाही, हाही फायदा. अंडी गोळा करून आमच्या खुडूक असील कोंबड्यांखाली बसवली. असीलसारखी आई नाही. घारीवर झेप घेते. पण तिचं वजन जास्त, अंडी फुटतात, म्हणून एकीखाली आठ-नऊच ठेवायची.

ऋतूचं गणित इथे सगळ्यात आडवं येतं. चंद्रपूरचा उन्हाळा ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात नसावा. पारा पंचेचाळिशीपलीकडे गेला की साठवलेल्या अंड्यात कोंबडीशिवायच गर्भ हलायला लागतो आणि अर्धवट वाढून मरतो. सातव्या रात्री टॉर्चवर अंडं धरलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरांऐवजी रक्ताचं एक कडं दिसतं. ते अंडं गेलं. म्हणून एप्रिल-मेमध्ये आम्ही बसवतच नाही. पावसाळ्यात रोगराई. राहिले दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे महिने. त्यात कोंबड्या खुडूक बसायला हव्यात, नर तयार हवा आणि पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी रोगावरच्या लासोटा लसीचे थेंब, आठव्या आठवड्यात त्याच रोगाची पुढची लस वेळेवर मिळायला हवी. आई-बापाच्या प्रती मांडायचा पुस्तकातला चौकोन दोन मिनिटांत भरतो. अंगणातला भरायला हिवाळे जातात.

पिल्लांचा तुरा पहिल्याच दिवशी वाचता येतो, मात्र सवय लागते. ओलं पिल्लू पाहू नये. वाळल्यावर डोक्याचा पुढचा भाग अंगठ्याने हलकेच मागे ओढून भिंगातून पाहायचं. उभा तुरा असेल तर मधोमध एकच पातळ कड, ब्लेडच्या धारेसारखी. बसका असेल तर तिथे रुंद पट्टा, कडेला दोन अस्पष्ट रेषा. शंका राहिली तर आठवडाभर थांबायचं. पायात रंगीत वायरची कडी घालायची, आणि ती मधूनमधून सैल करायची, नाहीतर पाय वाढतो आणि वायर रुतते.

निकाल असा लागला. याकूबची पिल्लं जवळजवळ निम्मी-निम्मी. हे अपेक्षितच होतं. आमचा दुसरा नर पीला, ज्याला मामाजी दुय्यम समजायचे कारण त्याचं अंग याकूबइतकं भरलेलं नाही, त्याची झाडून सगळी पिल्लं बसक्या तुऱ्याची. तेवढी पुरेशी होती तरी मी आणखी एक बसवणी काढली, मामाजींसाठी.

पण त्यांना त्या पिल्लांत वेगळंच काही दिसलं. दोन-तीन महिन्यांची झाल्यावर ते म्हणाले, "तुरा बसला, पण दबला नाही. हे सारे उठलेले हायेत." मी पाहिलं. खरंच, पील्याचे स्वतःचे ते ठेंगणे तीन कंगोरे यांच्यात नव्हते. मधली ओळ उंच, काहींची मागे झुकलेली. या पिल्लांना बापाकडून वाटाण्याची एक आणि वनराजा आईकडून उभ्याची एक प्रत मिळालेली आहे, हे तर पक्कं होतं. म्हणजे 'उठलेला' तुरा हीच लपलेल्या प्रतीची खूण होती! प्रभावी असली तरी वाटाण्याची प्रत एकटी असताना पुरी ताकद लावत नाही. प्रभुत्व अपूर्ण आहे.

यामागचं कारण स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये शोधलं. सॉक्स-५ नावाच्या जनुकात एक तुकडा एकापुढे एक कितीतरी वेळा पुन्हा पुन्हा आलेला असतो. त्यामुळे ते जनुक भ्रूणाच्या वाढीच्या एका टप्प्यावर, तुरा आणि गळ्याच्या पाळ्या जिथे उगवणार त्या जागी, नको तेव्हा कामाला लागतं आणि त्यांची वाढ आवरली जाते. एक प्रत असेल तर कमी आवर, दोन असतील तर जास्त. सासऱ्यांचा चोखंदळपणा म्हणून मी ज्याला हसले होते, ते या जनुकाच्या प्रतींचं मोजमाप होतं.

मग आम्ही एक खेळ केला. परीक्षा घेण्याआधी मामाजींनी कळपातला प्रत्येक पक्षी हातात घेऊन 'दबका' की 'उठलेला' ते सांगायचं, मी वहीत लिहायचं, आणि पिल्लं निघाली की ताडून पाहायचं. नरांच्या बाबतीत त्यांचा अंदाज क्वचितच चुकला. माद्यांच्या बाबतीत मात्र नाणेफेकीपेक्षा थोडाच बरा. त्यालाही कारण आहे. तुरा वाढतो तो नराच्या संप्रेरकावर. जर्मनीतल्या ग्योटिंगनमध्ये बेर्टहोल्ड यांनी १८४९ मध्ये खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण परत बसवून दाखवलं होतं की ते बसवलं तर तुरा नरासारखा वाढतो, नाहीतर खुजा राहतो. कोंबडीचा तुरा मुळातच इवलासा, त्यात दबका-उठलेला फरक डोळ्याने करायचा म्हणजे कठीणच. अंड्यावर आली की थोडा फुगतो, खुडूक बसली की आक्रसतो. मामाजींनी खुडूक कोंबड्यांना सरसकट 'दबका' ठरवलं होतं.

माद्यांची परीक्षा घ्यायची तर उभ्या तुऱ्याचा नर हवा. तो घरातच होता. दुसऱ्या बसवणीतलं ते उभ्या तुऱ्याचं पिल्लू मी हंडीत जाऊ दिलं नव्हतं. तो आता अंगाने, मानेने, चालीने अस्सल असील झाला होता, फक्त डोक्यावर गावरानाचा तुरा. त्याला एकेका मादीसोबत ठेवायचं. मादीकडे लपलेली प्रत असेल तर निम्मी पिल्लं उभ्या तुऱ्याची. मादी स्वच्छ असेल तर सगळी बसकी. यात एकच पथ्य कडक पाळावं लागतं: त्या परीक्षेतली बसक्या तुऱ्याची पिल्लंही कळपात घ्यायची नाहीत, कारण बापामुळे त्यांतलं प्रत्येक पिल्लू उभ्याची प्रत घेऊनच जन्मतं. ती सगळी विक्रीला. 'घरी ठेवायला' म्हणून मागणाऱ्याला मी ते आधीच सांगते.

आणि मग नको तो निकाल आला. आमची सगळ्यात चांगली मादी, काळी-लाल, जिची अंडी सर्वांत जास्त फळतात, जी साप दिसला तरी पिल्लं सोडून हलत नाही, ती लपवून असलेली निघाली. तिच्या बहिणीही. सासूबाई म्हणाल्या, काढून टाका एकदाची, रोजची कटकट. मी म्हटलं, मुळीच नाही. तुरा हे असीलचं एक लक्षण आहे, सगळं असील नव्हे. दहा-बारा माद्यांच्या कळपातून तुऱ्यापायी तिसरा हिस्सा बाहेर काढला तर उरलेल्यांत नात्यातलं नातं सुरू होईल. अंडी फळणार नाहीत, पिल्लं मरतील आणि नुसता सुंदर तुरा उरेल. तिची जोडी पील्याशी लावली. दोन्ही प्रती वाटाण्याच्या असलेला नर म्हणजे पिल्लांत उभा तुरा निघणारच नाही. निम्मी पिल्लं स्वच्छ, निम्मी लपवून. त्यांतले नर तर मामाजींचा डोळाच बराचसा निवडून देतो, परीक्षा फक्त शेवटच्या दोघा-तिघांची. आईचे गुण राहिले, तुऱ्याचं मागाहून पाहता येतं.

हे असीलमध्ये जमतं, सगळ्या जातींत जमत नाही. अमेरिकेतल्या वायनडॉट जातीला गुलाब तुरा हवा असतो, खरबरीत, मागे टोक असलेला. तोही उभ्यावर प्रभावी. पण ज्या नरात गुलाबाच्या दोन्ही प्रती असतात त्याचं बीज कमी चपळ असतं, तो कमी पिल्लं देतो. एक प्रत लपवून असलेला नर त्याला मागे टाकतो. २०१२ मध्ये उप्सालाच्याच गटाने दाखवलं की गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा बसल्याने हा तुरा होतो आणि त्याच उलटापालटीत शुक्रपेशींच्या कामाचं दुसरं एक जनुक तुटतं. त्यामुळे वायनडॉटवाले शंभर वर्षं उभे तुरे काढताहेत आणि ते येतच आहेत. वाटाण्याला असा शाप नाही. आमचा पीला त्याची साक्ष आहे.

कडकनाथवाल्यांचं आणि आपल्या नंदुरबारच्या नवापूरकडच्या बुसरा पाळणाऱ्यांचं तर आणखी सोपं. त्यांच्या जातींचा तुरा उभाच. उभ्या तुऱ्याच्या दोन पक्ष्यांना बसक्या तुऱ्याचं पिल्लू होऊच शकत नाही, त्यांच्याकडे लपवायला काही नाही. बाहेरचा वाटाणा किंवा गुलाब तुरा घुसला तर तो पहिल्याच पिढीत डोक्यावर दिसतो, आणि त्याच पिढीत निवडून काढता येतो.

पायांच्या रंगातही असाच धडा मिळाला. आमच्या कळपाचे पाय पिवळे. पिवळा पाय अप्रभावी, पांढरा प्रभावी, म्हणजे तुऱ्याच्या नेमकं उलट. मधल्या एका बसवणीत पिवळ्या पायांच्या जोडीखाली पांढऱ्या पायांचं पिल्लू आलं. मी सगळ्यांना आजी-पणजीची गोष्ट सांगेन अशी घरच्यांची अपेक्षा होती. पण ती गोष्ट इथे चालत नाही. दोन पिवळ्या पायांच्या पोटी पांढरा पाय येत नाही. तिथे मी जाळीचं भोक शोधायला गेले, आणि ते सापडलं.

आता पुढचं. घरात स्वच्छ नर दोन झाले, पण दोघेही बाप-लेक. नवीन रक्त आणावंच लागेल. बस्तरच्या बाजूच्या एका जुन्या पाळणाऱ्याकडचा नर मामाजींनी पाहून ठेवला आहे. तुरा दबका, डोळा फिका, मान अशी जाड की मुठीत मावत नाही. तरी तो आला की आधी वनराजाच्या कोंबड्यांत जाईल, सात पिल्लं पाहू, दोन महिने वेगळ्या खोपीत रोगराईचं पाहू, मग आमच्या माद्यांकडे. हा कार्यक्रम ऐकून मामाजी म्हणाले, "माह्या पोरीच्या वेळेस जावयाची एवढी चौकशी मी केली नव्हती." सासूबाईंनी आतून विचारलं की आता बोलून काय उपयोग. नर दिवाळीनंतर आणायचा ठरला आहे. तोवर वनराजाच्या नव्या तलंगा अंड्यावर येतील आणि खोपीची जाळीही बदलून होईल.